अब्बांच्या नावावरचा पेपर

ऊसतोड सुरू झाली की आमच्या तेलगावात डोळ्याला फडकं बांधलेली माणसं दिसायला लागतात. उसाच्या पात्याची कड करवतीसारखी असते. मोळी उचलताना, पाचट ओढताना ते सपकन डोळ्याला लागतं. लागतं तेव्हा जरासंच खुपतं. माणूस डोळा चोळतो, पाणी मारतो आणि परत कोयता उचलतो. मग डोळा लाल होतो, पाणी गळायला लागतं, उजेड सोसत नाही, आणि एक दिवस बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो. आमच्याकडे त्याला 'फूल पडलं' म्हणतात. इतक्या वाईट गोष्टीला इतकं चांगलं नाव कोणी दिलं कोणास ठाऊक.

मी जिचा अभ्यास केला ती बुरशी या जखमेतून आत शिरते आणि गवताची मुळं पसरावीत तशी बुबुळात पसरते. जंतूंसाठीच्या थेंबांनी ती हटत नाही. मेडिकलवाला लाली घालवायला म्हणून जे स्टिरॉइडचे थेंब देतो, त्यांनी तर ती जास्तच माजते. तेव्हा हे फूल बुरशीचं आहे का, हे लवकर कळायला हवं. ते कळलं तर बहुतेक वेळा डोळा वाचतो. माझं सगळं संशोधन एवढंच आहे.

अब्बा तेलगावात डिझेल इंजिनं आणि विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतात. रस्त्याकडेला पत्र्याचं दुकान, पुढे बाभळीखाली उघडी पडलेली दोन-तीन इंजिनं, आणि ऑइलने काळी झालेली जमीन. घरात आम्ही दखनी बोलतो. पण मी मराठी शाळेत जायला लागले तेव्हापासून अब्बा माझ्याशी हटकून मराठीत बोलत आले. मुलीची मराठी पक्की झाली पाहिजे म्हणून सुरुवात केली होती, मग ती सवयच पडली. अम्मी आम्हा दोघांना हसायची. "बापबेटी घरातच बाजार भरवतात," म्हणायची. मराठी तिच्या लेखी बाजारात बोलायची भाषा.

सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी झाल्यावर मला बीडच्या एका लहानशा धर्मादाय नेत्ररुग्णालयात प्रयोगशाळेचं काम मिळालं. खोली जिन्याखाली होती. तिथे मी पहिल्यांदा बुबुळाचा खरवडा पाहिला. डॉक्टरांनी फुलावरून पात्याच्या टोकाने अलगद काढलेला तो कण काचपट्टीवर ठेवायचा, त्यावर पोटॅशच्या द्रावणाचा एक थेंब टाकायचा, थोडं थांबायचं आणि भिंगाखाली बघायचं. बुरशी असेल तर तिचे धागे दिसतात, फांद्या फुटलेले, पारदर्शक. शाईच्या पेनातली निळी शाई थोडी मिसळली की ते निळे होतात आणि कोणालाही दिसतात. शाईची ही युक्ती जुनीच आहे. मी शोधलेली नाही.

मला खटकायची ती गोष्ट वेगळीच. आमच्याकडे बीडला येईपर्यंत माणसाचा डोळा गेलेला असायचा. चकलांब्याहून एक बाई आली होती. डॉक्टरांनी तपासून मान हलवली आणि मी काचपट्टी बघितली, तर सगळं शेत उगवल्यासारखी बुरशी. तिने विचारलं, "लवकर आलते तर दिसलं असतं का ओ बाई?" मी हो म्हणाले. खोटं काय सांगणार. तिथून माझ्या डोक्यात बसलं, की हे बघणं बीडला कशाला, तालुक्याला का होऊ नये? गावात का होऊ नये?

रुग्णालयाच्या अडगळीत एक जुना मायक्रोस्कोप पडून होता. त्याला दिवा नव्हता, खाली गोल आरसा होता. उन्हाकडे आरसा वळवला की काम भागायचं, वीज असो नसो. डॉक्टरांनी तो न्यायची परवानगी दिली आणि माझी कल्पना ऐकून स्वतःही दर रविवारी खरवडा काढायला तेलगावला यायचं कबूल केलं. मी सुट्टीच्या दिवशी तो मायक्रोस्कोप मांडीवर घेऊन बसने घरी नेला. अब्बांच्या दुकानाशेजारच्या खोलीत, खिडकीपाशी टेबल मांडलं. प्रश्न होता पेशंट कुठून आणायचे.

"ते माज्यावर सोड," अब्बा म्हणाले.

अब्बा रोज कुठल्या ना कुठल्या विहिरीवर जायचे. ज्याच्या मोटारीला हात लावतील त्याच्या शेतातल्या झाडून सगळ्यांचे डोळे बघायला त्यांनी सुरुवात केली. लाल डोळा दिसला की विचारायचे, "पातं लागलं का? कवा लागलं? औषध कोनतं टाकलं?" आणि मग, "रविवारी दुकानावर ये. माजी पोरगी बगती. न्हाई आलास तर मोटार परत जळली तर मला बोलवू नको." ही धमकी चालली. तेलगाव, दिंद्रुड आणि आसपासच्या वस्त्यांवरून माणसं यायला लागली. एका टोळीचा मुकादम तर अख्खी टोळीच घेऊन आला. एकाच बाईचा डोळा लाल होता, बाकीचे नुसते बघायला आले होते.

दोन हंगाम हे चाललं. गावातल्याच बारावी झालेल्या एका मुलीला मी काचपट्टी बघायला शिकवली. तिने काय पाहिलं ते ती वेगळं लिहायची, मी काय पाहिलं ते मी, आणि बीडला बुरशी वाढवून खात्री करायचे. शेवटी सगळं ताडून बघितलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले. थोडं शिकवलेली कोणीही व्यक्ती, आरशाच्या उजेडात, पहिल्याच भेटीत बुरशी ओळखू शकते, हे स्पष्ट दिसत होतं.

त्याचा मी पेपर लिहिला. मोठ्या मासिकांनी तो परत पाठवला. एकाने लिहिलं, विषय फार स्थानिक आहे. ऊस जगात किती देशांत पिकतो हे त्यांना कोणी सांगायचं? शेवटी आपल्याच देशातल्या एका छोट्या मासिकाने तो छापला. नाव मी आमच्याकडे लिहितात तसंच लिहिलं होतं. आधी आडनाव, मग माझं नाव, मग अब्बांचं. छापून आलेलं नाव मी अब्बांना दाखवलं. ते हात पुसून आले, तरी कोपऱ्यावर ऑइलचा अंगठा उमटलाच.

पुढे ते रुग्णालय बंद पडलं, तरी डॉक्टर हंगामात तेलगावला येत राहिले. मी पीएचडी केली, एका कॉलेजात शिकवायला लागले, आणखी काही पेपर लिहिले. एका संशोधन संस्थेत जागा निघाली तेव्हा अर्ज केला. मुलाखतीत अध्यक्षांनी माझी फाइल चाळली, समोरच्या कॉम्प्युटरवर माझं नाव टाकलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"मॅडम, तुमचं काम चांगलं असेलही," ते म्हणाले, "पण ते कोणी वाचलेलं दिसत नाही. सायटेशन जवळपास नाहीतच."

ते खरंच होतं. मी स्वतः कितीदा तरी माझं नाव टाकून पाहिलं होतं. सायटेशन म्हणजे दाखले होते एक-दोन, तेही माझ्याच विद्यार्थ्यांनी दिलेले. घरी आले तेव्हा अब्बा अंगणात पंपाचा पंखा घासत बसले होते. माझा चेहरा बघून त्यांनी काम थांबवलं.

"न्हाई झालं?"

"नाही. सायटेशन कमी पडले."

"ते काय आस्तं?"

"दुसऱ्या कोणी पेपर लिहिताना आपल्या कामाचं नाव घेतलं, की याने हे दाखवलंय, त्याच्यावर आम्ही पुढं काम केलं, तर ते सायटेशन."

अब्बांनी थोडा विचार केला. "मंजी गवाही."

"हो. गवाहीच."

"अन् तुजी गवाही कुनीच द्यायला न्हाई?" ते खरंच चकित झाले होते. "आरं, त्या मुकादमाच्या टोळीतली बाई चांगली बगायली की दोन्ही डोळ्यांनी. तिला इचारा म्हनावं!"

मी हसले, पण आत कुठेतरी फार लागलं होतं. मी ठरवलं की आता मोजत बसायचं नाही. शिकवायचं, हंगामात तेलगावला बसायचं, काचपट्ट्या बघायच्या. आणि खरंच मी तसं केलं. आरशाच्या मायक्रोस्कोपची खिडकी मी कधी बंद पडू दिली नाही.

मध्ये काही वर्षं गेली. मग एका संस्थेने शेतकऱ्यांच्या डोळ्यांच्या आजारांसाठी आमच्याच जिल्ह्यात एक संशोधन केंद्र काढायचं ठरवलं. प्रमुख संशोधकाची जागा होती. मी अर्ज करणार नव्हते. अब्बांनी करायला लावला. "न्हाईच घेतलं तर काय, परत इथंच यायचंय ना," म्हणाले. अर्जात पेपरांची यादी जोडायची होती. ज्यांना निदान एखादा दाखला होता ते पेपर मी वर लिहिले आणि तेलगावचा पेपर सगळ्यात खाली, शेवटच्या पानावर.

मुलाखतीला टेबलापलीकडे तिघं होते, आणि भिंतीवरच्या पडद्यावर चौथ्या, ब्राझीलमधल्या एक वयस्क नेत्रतज्ज्ञ. त्यांच्या मागे खिडकीत पहाट दिसत होती. बोलणं इंग्रजीत चाललं होतं. सुरुवातीचे प्रश्न नेहमीचे होते. मग पडद्यावरच्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडे खूप ऊस आहे. बुबुळाची बुरशी ओळखायला आम्ही खेड्यांतून तुमच्याच देशातली एक पद्धत वापरतो." आणि त्यांनी एक नाव घेतलं. "तुम्हाला हे काम माहीत असेलच."

मला नाव कळलं नाही. मी माफी मागून पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. त्यांचा 'र' घशातून येत होता, 'ह'सारखा, त्यामुळे मला काहीच उलगडेना. टेबलापलीकडचे अध्यक्ष मदतीला आले. "तो आरशाच्या मायक्रोस्कोपचा पेपर," ते म्हणाले. "गाजलेला आहे."

माझ्या विषयातला गाजलेला पेपर, तोही आपल्या देशातला, आणि मला माहीत नाही! वर तो माझ्याच कल्पनेवर बेतलेला वाटत होता. मनात आलं, झालं, कोणीतरी माझ्या आधीच हे केलंय.

"थांबा, मी लिहून दाखवते," पडद्यावरच्या बाई म्हणाल्या. पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं उमटायला लागली. एकेक अक्षर. ते अब्बांचं नाव होतं.

मी ते दोनदा वाचलं. अब्बांचं नाव आडनावाच्या जागी होतं, आणि त्याच्या मागे माझ्या नावाचं पहिलं अक्षर. मग लख्खकन सगळं कळलं. आम्ही वडिलांचं नाव शेवटी लिहितो. जगाला शेवटचा शब्द म्हणजे आडनाव वाटतं. पुढचे पेपर मी मासिकांच्या रीतीने आडनाव शेवटी घालून लिहिले होते, हा एकच आपल्या रीतीने. दाखले गोळा करणाऱ्या कुठल्याशा यंत्राने ते छोटं मासिक वाचलं आणि शेवटचा शब्द उचलून त्याचा एक शास्त्रज्ञ केला. मी वर्षानुवर्षं माझ्या नावाने शोधत होते, आणि गवाह्या जमा होत होत्या अब्बांकडे.

"मॅडम," मी म्हणाले. "हे संशोधक नाहीत. हे माझे वडील आहेत. ते तेलगावला इंजिनं दुरुस्त करतात. पेपर माझा आहे."

अध्यक्षांनी माझी फाइल शेवटच्या पानापर्यंत उलटली, बोट खाली खाली नेलं आणि थांबले. त्यांनी पेपरचं शीर्षक मोठ्याने वाचलं. शेजारच्या बाईंनी त्यांच्या हातून फाइल जवळजवळ ओढूनच घेतली. पडद्यावरच्या डॉक्टर मात्र दोन्ही हात गालांवर ठेवून माझ्याकडे बघत होत्या.

"तुम्ही?" त्या म्हणाल्या. "मी किती वर्षं या माणसाला शोधतेय, माहीत आहे? पेपरवरच्या ई-मेलवर लिहिलं तर परत यायचं. मला वाटलं वारले असतील."

"नाही, नाही," मी घाईने म्हणाले. "चांगले आहेत. आज दिंद्रुडला गेलेत, मोटार बसवायला."

यावर सगळे इतके हसले की बाहेरच्या शिपायाने दार उघडून आत डोकावलं. मग डॉक्टरांनी पडद्यावर ते पान उघडून दाखवलं. अब्बांच्या नावाचं पान. खाली दाखल्यांची रांग. ब्राझीलचे पेपर होतेच, पण नेपाळ होतं, व्हिएतनाम होतं, आफ्रिकेतले देश होते. जिथे म्हणून ऊस, भात, मका होता आणि डॉक्टर लांब होता, तिथून कोणीतरी अब्बांचं नाव घेतलं होतं. त्या पानाच्या शेवटी पोचायला डॉक्टरांना बराच वेळ पडदा सरकवावा लागला.

"आमचे तंत्रज्ञ त्या काचपट्टीला तुमच्या वडिलांच्याच नावाने ओळखतात," त्या म्हणाल्या. "सकाळी दवाखान्यात गेलं की एकमेकांना विचारतात, आज यांच्या किती झाल्या?"

त्यानंतर मला काय विचारलं आणि मी काय सांगितलं, नीट आठवत नाही. ती मुलाखत राहिलीच नव्हती. ते खिडकी कुठल्या दिशेला ठेवली, ढगाळ दिवशी काय केलं, शाई कोणती घेतली असं विचारत होते आणि मी सांगत होते, तेलगावला आलेल्या पाहुण्यांना सांगावं तसं.

बाहेर आल्या आल्या मी अब्बांना फोन लावला. मागे इंजिनाची धडधड येत होती.

"अब्बा, कुठं आहात?"

"दिंद्रुडला. इहिरीवर. कावून? काय झालं? रडायलीस का हासायलीस?"

"दोन्ही."

"आगं, नोकरी मिळाली का न्हाई ते सांग आदी."

"ते कळवतील. अब्बा, तुमचं नाव ब्राझीलमध्ये लई मोठं आहे."

"माजं?" त्यांनी कोणाला तरी इंजिन बंद करायला सांगितलं. धडधड थांबली. "म्या काय केलं बेटा? म्या तर लातूरच्या पुढं कदी गेलो न्हाई."

मी सगळं समजावून सांगितलं. ते मध्येच 'हां, हां' करत ऐकत होते. सांगून झाल्यावर गंभीर आवाज आला, "त्या बाईला म्हनावं, म्या कुनाचं काय घेतलं न्हाई. चुकून आलं आसंल माज्याकडं. आपन वापस करू."

"अब्बा, ती रागावली नाही. ती खूश आहे. सगळे खूश आहेत. लोकांचे डोळे वाचले त्या पेपराने. तिकडं, नेपाळात, व्हिएतनामात."

"आपल्या खिडकीवरून?"

"आपल्या खिडकीवरून."

फोन बाजूला धरून त्यांनी मळेवाल्याला हाक मारली ती मला इकडे ऐकू आली. "आवो पाटील, माजं नाव ब्राझीलला निघालंय!"

"कशात?" पाटील लांबून ओरडले.

"बुरशीत!"

संध्याकाळपर्यंत ही बातमी तेलगावच्या हॉटेलावर पोचली. मी बसमधून उतरले तर बाभळीखाली ही गर्दी. अब्बांच्या बरोबरीचे लोक त्यांची टर उडवत होते. "काय बे शास्त्रज्ञ, माजं इंजिन कवा देतूस?" एकजण म्हणत होता. "ह्याला सोताचा पाना सापडत न्हाई, अन् ह्यानं म्हनं बुरशी सापडवली!" अब्बा खुर्चीवर बसून चहा पीत होते आणि ऐटीत मान डोलवत होते. मला बघताच उठले. सगळ्यांसमोर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग गर्दीकडे वळून म्हणाले, "हिनं केलंय. म्या नुसतं गोळा करून आनायचो." ज्यांची फुलं आम्ही इथे पाहिली होती त्यांतलेही काही जण त्या गर्दीत होते. मुकादमाच्या टोळीतली ती बाई पुढे आली आणि तिने माझ्या गालावरून बोटं ओवाळून कानशिलावर कडाकडा मोडली.

नोकरीचं पत्र पुढच्याच आठवड्यात आलं. त्या सबंध आठवड्यात मी सुचेल तेव्हा अब्बांच्या नावाचं पान उघडून एकेक दाखला वाचत होते. ही चैन मी आयुष्यात पहिल्यांदाच करत होते. कोणी लिहिलं होतं की ही पद्धत त्यांनी डोंगरातल्या दवाखान्यात वापरली. कोणी लिहिलं होतं की आरशाऐवजी त्यांनी सौर दिवा लावला आणि तोही चालला. एका ठिकाणी वाद घातला होता की शाई फार घट्ट नको, आणि मला ते पटलंही. वाचता वाचता एका ओळखीच्या नावाशी थांबले. पहिल्या मुलाखतीचे अध्यक्ष. ज्यांनी चष्मा कपाळावर सरकवून मला सांगितलं होतं, की तुमचं काम कोणी वाचलेलं दिसत नाही. त्यांच्याच पेपरात, अगदी सुरुवातीच्या परिच्छेदात, अब्बांचा दाखला होता. 'महत्त्वाचं आणि दुर्लक्षित काम' असं त्यांनी लिहिलं होतं.

मी अम्मीला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. तिने थापणं थांबवलं नाही, पण इतकी हसली की भाकरीचा नकाशा झाला. मी त्या गृहस्थांना एक साधं पत्र पाठवलं, आपल्या दाखल्याबद्दल आभारी आहे असं, आणि खाली नावाची भानगड समजावली. त्यांचं उत्तर त्याच दिवशी आलं. मनापासून अभिनंदन केलं होतं, मुलाखतीची आठवण काढून संकोच वाटतो असं लिहिलं होतं, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांपुढे व्याख्यानाला बोलावलं होतं. मी गेले. व्याख्यान रंगलं. सगळ्यात पुढच्या रांगेत बसून टिपणं घेत होते ते तेच.

मग राहिली नावाची दुरुस्ती. दाखल्यांची नोंद ठेवणाऱ्यांना लिहिलं तर ते चूक सुधारतात, पण सुधारली की जुनं पान जातं. मला ते जड जात होतं. मी अब्बांना विचारलं. ते दुकानात एका पिस्टनवर वाकले होते.

"मग माजं तितलं जाईल?" त्यांनी विचारलं.

"जाईल. सगळं माझ्या नावावर येईल. नको असेल तर राहू दे तसंच."

"नको कावून?" त्यांनी पिस्टन फडक्याने पुसला आणि उजेडाकडे धरून बघितला. "दुरुस्त कर. तुजं काम हाय, तुज्या नावावर पायजे. अन् माजं कुटं जातंय? तुज्या नावामागं मीच हाय की."

दुरुस्ती झाली. एके सकाळी मी माझं नाव टाकलं आणि सगळे दाखले, नेपाळपासून ब्राझीलपर्यंत, माझ्या नावाखाली ओळीने उभे होते. मी ओरडले. शेजारच्या खोलीतून विद्यार्थी धावत आले, त्यांना वाटलं काचेचं काही फुटलं. त्या दिवशी कॉलेजात मी सगळ्यांना पेढे दिले. विचारणाऱ्याला सांगताना माझी तारांबळ व्हायची, की नेमकं झालं काय. "मी मला सापडले," असं शेवटी सांगत सुटले.

केंद्र आता चालू आहे. गेवराई, माजलगाव आणि आणखी काही तालुक्यांत आम्ही शिकवून तयार केलेल्या मुली आणि मुलगे मायक्रोस्कोपपाशी बसतात. सगळ्यांत आधी शिकलेली ती बारावीची मुलगी आता त्यांची प्रमुख आहे आणि माझ्यापेक्षा कडक आहे. पेपर निघतात, दाखले मिळतात, आणि मी ते बघते. उगाच नम्रता कशाला? मला ते बघायला फार आवडतं.

गेल्या हंगामात ब्राझीलच्या डॉक्टर स्वतः आल्या. त्यांना केंद्र बघायचं होतंच, पण पहिली फर्माईश होती की अब्बांना भेटायचं. मी गाडी थेट दुकानापुढे नेली. अब्बांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि सकाळपासून इंजिनाला हात लावला नव्हता, त्यामुळे ते ओशाळल्यासारखे उभे होते. डॉक्टरांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि त्यांचं नाव घेतलं, घशातला 'र' लावून.

"काय म्हनायली?" अब्बांनी मला विचारलं.

"तुमचं नाव."

"आसं म्हनत्यात तिकडं?" त्यांनी ते दोनदा स्वतःशी म्हणून बघितलं. "बराय. जरा खोकल्यागत हाय, पन बराय."

डॉक्टरांना मी ते सांगितलं तेव्हा त्या डोळे पुसेपर्यंत हसल्या. अब्बांनी त्यांना इंजिन सुरू करून दाखवलं. हँडल मारायला त्यांनाही दिलं. तिसऱ्या झटक्याला ते धडधडलं आणि बाभळीवरचे कावळे उडाले. सगळी आळी टाळ्या वाजवत होती.

तेवढ्यात एक टोळी रस्त्याने जात होती, तिच्यातली एक तरुण बाई पदराने डोळा झाकून थांबली. पाच-सहा दिवसांपूर्वी पातं लागलं होतं. आम्ही तिला आत नेलं. डॉक्टरांनी स्वतः खरवडा काढला, मी काचपट्टी तयार केली आणि आरसा उन्हाकडे वळवला. निळे धागे होते, पण मोजकेच, नुकते रुजलेले. मी बाजूला झाले आणि डॉक्टर भिंगावर वाकल्या. बघून त्यांनी मान वर केली आणि अंगठा उंचावला.

"डोळा ऱ्हाईल ना ओ?" बाईने विचारलं.

"राहील," मी म्हणाले. "थेंब चुकवायचे नाहीत, आणि आठ दिवसांनी दाखवायला यायचं."

आठ दिवसांनी ती आली, मग परत एकदा आली. हंगाम संपायच्या सुमारास शेवटची आली तेव्हा मी तिचा चांगला डोळा हाताने झाकला आणि रस्त्यापलीकडे बोट दाखवून विचारलं, तिकडं काय दिसतं सांग. तिने मान वाकडी करून बघितलं.

"शेळ्या हायत्या," ती म्हणाली. "एक बोकड हाय. अन् ते पोरगं तुमची बाभळ तोडायलंय बगा, त्याला आडवा आदी!"

अब्बा चप्पल न घालताच पळाले.